सूर्य सहा अंशांवर आला की

(दृश्य: टेकडीवरचं वाळकं गवत, मागे पाणी)

हे कॅलिफोर्नियातलं फ्रीमाँट, कायोटी हिल्स पार्क, ऑगस्टचा शेवटचा आठवडा. हे पिवळंधमक गवत उन्हाळा लागतानाच वाळलेलं आहे, आता पाऊस पडेपर्यंत असंच राहणार, आणि पलीकडे चमकतायत ती सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठची मिठागरं. वाऱ्यात केस सावरत उभी आहे ती मुलगी यंदा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला, म्हणजे सीनियर. त्या वर्षाचा एक खास फोटो काढून घ्यायची इथे पद्धतच आहे, सीनियर पोर्ट्रेट म्हणतात त्याला.

पद्धत जुनी आहे बरं का. डॅगरोटाइपच्या, म्हणजे धातूच्या पत्र्यावर थेट उमटणाऱ्या फोटोंच्या काळात एका फोटोची एकच प्रत निघायची. मग काचेच्या निगेटिव्ह आल्या आणि १८६० च्या दशकात बॉस्टनकडच्या जॉर्ज वॉरन नावाच्या फोटोग्राफरनं हार्वर्डसारख्या कॉलेजांच्या मुलांचे फोटो काढून हव्या तेवढ्या प्रती द्यायला सुरुवात केली, मुलं त्या एकमेकांत वाटायची, अल्बम बांधून घ्यायची. पुढे हाफटोन, म्हणजे बारीक ठिपक्यांची छपाई आली आणि फोटो थेट पुस्तकात छापता यायला लागले, तेच हे यिअरबुक, शाळेचं त्या वर्षाचं फोटोंचं पुस्तक. त्यातला फोटो आजही बऱ्याच शाळांत ठरलेल्या स्टुडिओतच निघतो, मुलींच्या खांद्यावर काळा ड्रेप, म्हणजे गुंडाळलेलं कापड, मुलांना टक्सिडो, मागे एकच पडदा, समोर फ्लॅश, चला पुढचा नंबर.

(दृश्य: बॅगेतून निघणारी लेन्स, रिफ्लेक्टर)

आणि या पडद्यासमोर सावळ्या मुलांवर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय झालाय, हे सांगायलाच हवं. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी लॅबना एक कार्ड पाठवायची, शर्ली कार्ड म्हणायचे त्याला, त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो, आणि तिची त्वचा छान दिसली की प्रिंट बरोबर असं धरायचं. बाकीच्यांचे चेहरे काळपट, सपाट आले तरी चालायचं. वेगवेगळ्या वर्णांच्या बायका एकत्र असलेलं कार्ड यायला १९९० चं दशक उजाडलं. आणि आपल्याकडे काय वेगळं, लग्नाच्या बायोडेटासाठी फोटो काढायला जा, विचारायच्या आधीच चेहरा दोन शेड उजळून हातात मिळतो.

म्हणून हे फोटो काढणारी मावशी, म्हणजे या मुलीच्या आईची मैत्रीण, मूळची सांगलीची, आपल्या ओळखीतल्या मुलांना संध्याकाळीच बोलावते.

(दृश्य: घड्याळ, मग पश्चिमेचं आकाश)

सूर्यास्त पावणेआठच्या आसपास. मावशी साडेसहालाच पोचलीय, पण कॅमेरा अजून गळ्यातच, कारण ऊन अजून कडक आहे, चेहऱ्यावर ठळक सावल्या पडतात. सूर्य क्षितिजापासून साधारण सहा अंशांवर आला की खरं काम सुरू. याला गोल्डन अवर, सोनेरी तास, म्हणतात पण इथे सहा अंश उतरायला अर्धाच तास लागतो, मुंबईत तर त्याहून कमी, कारण आपल्याकडे सूर्य जास्त उभा खाली जातो. तिरप्या उन्हाला हवेचा खूप जाड थर पार करून यावं लागतं, त्यात निळा रंग विखरून जातो आणि आपल्यापर्यंत पिवळा-तांबूस तेवढा पोचतो. गव्हाळ, सावळ्या त्वचेतही हेच रंग असतात, त्यामुळे हा उजेड त्यात असा मुरतो की बघत राहावं.

(दृश्य: क्लोजअप, केसांची कड)

आता बघा, सूर्य पाठीमागे, थोडा डावीकडे. केसांची कड पेटल्यासारखी दिसतेय, चेहरा मात्र सावलीत, आणि ही सावली काळी नाहीये, समोरचं सगळं आकाश त्यावर उजेड टाकतंय. आईच्या हातात उजेड परतवणारा पांढरा रिफ्लेक्टर आहे, वाऱ्यानं तो सारखा फिरतोय, मावशी ओरडतेय, "अगं जरा खाली धर, हनुवटीखाली!" कॅमेऱ्यावर ८५ एमएमची लेन्स, अ‍ॅपर्चर एफ २, म्हणजे लेन्सचं तोंड बरंच उघडं, आणि एक्सपोजर, म्हणजे किती उजेड घ्यायचा ते माप, आकाशाचं नाही, गालाचं. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर सगळं मधल्या राखाडीकडे ओढतं, त्यामुळे गोऱ्या चेहऱ्याला साधारण एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) वाढवून द्यावं लागतं, पण आपली त्वचा त्या मधल्या पट्टीच्या जवळच असते, गालावर स्पॉट मीटर, म्हणजे एवढ्याच जागेचा उजेड मोजणारा, लावला की बहुतेक वेळा आकडा बरोबरच येतो. मागचं आकाश पांढरं पडलं तर पडू दे म्हणते ती.

(दृश्य: कपडे बदलून आलेली मुलगी)

पहिले फोटो शाळेच्या क्रॉस कंट्री (मैदानी धावणं) टीमच्या जॅकेटवर झाले, आता खणाचा ब्लाऊज आणि जीन्स. हा खण नीट बघा, समोरून फ्लॅश मारला असता तर नुसता जांभळा कपडा दिसला असता, बाजूनं आलेल्या उन्हात त्यातली बारीक नक्षी एकेक उठून दिसतेय, आणि ती वळली की रंगही फिरतोय.

(दृश्य: सूर्य गेल्यावर)

सूर्य गेला, लोक गाड्यांकडे निघाले, मावशी अजून थांबलीय. आता मुलीचं तोंड पश्चिमेकडे, डोळे न मिचकावता बघता येतंय, आणि दोन्ही बुबुळांत आकाशाचा तुकडा चमकतोय. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, १०० वरून ८०० वर गेला. दहा-पंधरा मिनिटं मिळतात अशी. "मान थोडी खाली घे गं... हां, बास."

खर्च होतो, व्यावसायिक फोटोग्राफर असेल तर शेकडो डॉलर, आणि ज्यांना जमत नाही त्यांच्याकडे ड्रेपवाला फोटोच राहतो.

(दृश्य: लॅपटॉपचा स्क्रीन)

एडिटिंग थोडंसंच. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ऑटोवर ठेवला असता तर कॅमेऱ्यानं संध्याकाळचा तांबूसपणाच पुसला असता, म्हणून तो डेलाइटवर होता आणि तसाच ठेवलाय. उडालेले केस दोन ठिकाणी काढलेत. त्वचेच्या रंगाला हात लावलेला नाही. मुलीनं खणातला फोटो निवडलाय, तो ग्रॅज्युएशन पार्टीच्या आमंत्रणावर जाणार आणि एक मोठी प्रिंट सांगलीला आजीकडे, सोबत मावशीची चिठ्ठी, फ्रेम करणाऱ्याला सांगा, फोटो उजळायचा नाही.