पुस्तकांना वारा देण्याचे दिवस

श्रोतेहो, सस्नेह नमस्कार.

नवरात्र सरता सरता गोव्यातला पाऊस ओसरू लागतो आणि ज्यांच्याकडे जुन्या पुस्तकांची कपाटे आहेत, त्यांच्या घरी एक आवडीचे काम सुरू होते. चार महिने बंद राहिलेली दारे उघडायची, एकेक पुस्तक बाहेर काढून मऊ फडक्याने पुसायचे, आणि पडवीत, थेट ऊन लागणार नाही अशा जागी, पाने सुटी करून वाऱ्यावर ठेवायचे. आपल्या दमट हवेत पुस्तक नुसते ठेवून टिकत नाही. बुरशी, कसर आणि वाळवी त्याचा घास घेतात. ते वरचेवर हाताळावे लागते, आणि आवडते पुस्तक हातात आले की ते उघडल्यावाचून राहवत नाही. म्हणूनच संग्रह आणि पुनर्वाचन या दोन गोष्टी गोमंतकात वेगळ्या काढताच येत नाहीत, असे माझे ठाम मत आहे.

याचा मोठा दाखला आपल्याच इतिहासात आहे. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यात आला. पुढे १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याच शतकात त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या; पण त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ तरला तो हस्तलिखितांमुळे. भाविक लोक तो वाचत राहिले, वाचता वाचता जीर्ण झालेली प्रत पुन्हा उतरवून घेत राहिले, आणि अशा हस्तलिखितांच्या आधारेच १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला गेला. ज्या ग्रंथाला वाचक होते, त्याला आयुष्य मिळाले.

आपल्याकडच्या जुन्या मराठी पुस्तकांना आणखीही एक मोल आहे. १९६१ पूर्वी छापील मजकुरावर पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या राजवटीची करडी नजर असे आणि बहुतेक मराठी पुस्तके मुंबई-पुण्याहून सीमा ओलांडून यावी लागत. त्या काळातली एखादी प्रत हाती आली की मी आधी तिचे पहिले पान पाहतो. जांभळ्या शाईत घेणाऱ्याचे नाव, त्याखाली गावाचे नाव आणि तारीख. कधी कोपऱ्यात किंमत खोडून ‘सप्रेम भेट’ असे लिहिलेले. पानांच्या कडा तपकिरी होऊन आत सरकत आलेल्या असतात, कारण लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदातच त्याचे आम्ल दडलेले असते. मुखपृष्ठावर दीनानाथ दलालांची सही दिसली तर मला विशेष आनंद होतो. मडगावात १९१६ साली जन्मलेल्या या चित्रकाराने मराठी पुस्तकाला रंगरूप दिले, हे आपल्या नव्या पिढीला आवर्जून सांगितले पाहिजे.

आता पुनर्वाचनाविषयी. सत्तरी तालुक्यातल्या आंबेडे गावी जन्मलेल्या महादेवशास्त्री जोशी यांच्या कथा प्रथम वाचताना माझे सारे लक्ष ‘पुढे काय झाले’ याच्याकडे होते. भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड याच लेखकाने संपादित केले, ही गोष्ट मनात ठेवून त्या कथा पुन्हा वाचल्या, तेव्हा मला त्यांत कोशकाराची नजर दिसू लागली. देवळातला विधी असो की घरातली रीत, ते ती अशा नेमकेपणाने टिपतात की एखादी चाल पुढे लोपली तरी कथेत ती शाबूत राहावी. शेवट आधीच ठाऊक असल्यामुळे घाई नसते; वाक्य कसे उभे राहिले, पात्र नेमके कुठे गप्प बसले, हे ध्यानात येते. बा. भ. बोरकरांच्या कवितांची गोष्ट वेगळी. त्या मी मोठ्यानेच वाचतो, आणि बोरीचे नदीकाठचे गाव ज्याने पाहिले आहे, त्याला त्या लयीचे उगमस्थान वेगळे सांगावे लागत नाही. आपल्याकडे श्रावणात पोथी लावतात; तीच पोथी, त्याच ओव्या, तेच ऐकणारे, आणि तरीही दरवर्षी कुणाला ना कुणाला एखादी ओवी नव्याने भिडते.

पुस्तके सांभाळण्याविषयी थोडे सांगतो. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे असावे आणि पुस्तके दाटीवाटीने कोंबू नयेत. वेखंडाचे तुकडे किंवा वाळलेला कडुलिंब ठेवण्याची जुनी पद्धत मला अजूनही आवडते. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी मात्र कधीही लावू नये. काही वर्षांत तिचा डिंक पिवळा पडतो आणि ती काढू गेल्यास अक्षरेही सोबत उचलून येतात. जुने बांधणीकार खळीत चिमूटभर मोरचूद घालून पातळ कागदाने पान जोडत, त्यामुळे किडीला अटकाव होई. मात्र मोरचूद विषारी आहे, त्यामुळे हे काम जाणत्याकडूनच करून घ्यावे.

आणि एक कळकळीची विनंती. गावातली कितीतरी जुनी घरे आता बंद पडत आहेत, विकली जात आहेत आणि माळ्यावरचे गठ्ठे न उघडताच रद्दीत चालले आहेत. आपल्या घरी असा गठ्ठा असेल, तर तो विकण्यापूर्वी प्रत्येक पुस्तकाचे पहिले पान उघडून पाहा. जे आवडेल ते वाचायला ठेवा. जे ठेवणे शक्य नसेल, पण ज्याचे छपाईचे वर्ष जुने दिसेल, ते पणजीला पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात दाखवा. १८३२ साली स्थापन झालेली ही संस्था आहे, आणि तिथे ते पुस्तक एखाद्या अभ्यासकाच्या, एखाद्या नव्या वाचकाच्या हाती पडू शकेल. नमस्कार.