टाइप केलेलं जातं कुठे?

तर मंडळी, परवाची गोष्ट. सर्व्हरचा पासवर्ड टाकला, एंटर मारला, मान वर करून बघतो तर पासवर्ड ऑफिसच्या ग्रुपवर! टाइप करता करता चॅटची विंडो मध्येच पुढे घुसली होती. एकाने तर लगेच अंगठाही दिला.

कीबोर्ड एकच, विंडो दहा. अक्षरं जिच्या पदरात पडतात, तिच्याकडे 'फोकस' आहे असं म्हणतात. विंडोज आणि मॅकवर आपल्याला क्लिकची सवय: क्लिक केलं, विंडो वर आली, टायपिंग सुरू. पण 1987 मध्ये एमआयटीतून एक्स11 ही युनिक्सवर विंडो दाखवणारी प्रणाली आली, तिची मूळ रीत वेगळीच. माउसचा बाण ज्या विंडोवर, अक्षरं तिथे. युनिक्सवाल्यांना याचीच चटक लागली.

का, ते दाखवतो. हे बघा, पुढे मोठं पीडीएफ. मागे टर्मिनल (कमांड टाइप करायची विंडो), त्याचा खालचा जेमतेम दोन बोटं पट्टा दिसतोय. बाण पट्ट्यावर नेला. क्लिक नाही हं! आता टाइप करतो... दिसलं? कमांड मागे उमटतेय आणि पीडीएफ जागचं हललेलं नाही.

बाण रिकाम्या डेस्कटॉपवर घसरला तर मात्र अक्षरं हवेत. त्यावर उतारा म्हणजे 'स्लॉपी फोकस': बाण रिकाम्या जागी गेला तरी फोकस शेवटच्या विंडोकडेच. नाव गबाळं, काम चोख. मी हेच वापरतो. 'ऑटो रेझ' तेवढं बंद ठेवा, नाहीतर बाण जाईल तिथली विंडो उसळून वर येते. नुसता उच्छाद!

मॅकवर हे का जमत नाही? तिथे मेन्यू स्क्रीनच्या माथ्यावर, आणि तो चालू अ‍ॅपचा. बाण मेन्यूकडे निघाला, वाटेत दुसरी विंडो लागली, की वर पोचेपर्यंत मेन्यूच दुसऱ्याचा!

हे चालू करायचंय? ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपवर 'ट्वीक्स' हे सेटिंगचं अ‍ॅप उघडा, त्यात 'विंडोज' हा विभाग, मग 'फोकस ऑन हॉवर'. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्येही सोय आहे, कंट्रोल पॅनलच्या ईज ऑफ अ‍ॅक्सेसमध्ये माउसच्या पानावर. पण तिथे विंडो वर उसळतेच.

आणि माझा पासवर्ड? त्यात बाणाचा दोष नाही, चॅटने फोकस पळवला. केडीई या लिनक्सच्या दुसऱ्या डेस्कटॉपवर या चोरीवर उतारा म्हणून 'फोकस स्टीलिंग प्रिव्हेन्शन' आहे, 'नन' ते 'एक्स्ट्रीम' अशा पाच पायऱ्या. मी आता 'हाय'वर ठेवलंय. पासवर्डही बदललाय, अंगठेवाल्या मित्रा.