कॉफी सांडली? आधी गरम पाणी बाजूला ठेवा

नमस्कार मंडळी! आज बोलूया कपड्यावर पडलेल्या कॉफीच्या डागाबद्दल. विषय छोटा वाटेल, पण चांगला आवडता शर्ट एका डागापायी कपाटात मागे ढकलला जातो ना, ते मला खरंच बघवत नाही, कारण बऱ्याचदा तो डाग निघण्यासारखा असतो, आपणच घाईघाईत त्याला पक्का करून टाकतो.

म्हणजे कसं, तर कॉफी सांडली रे सांडली की आपण घसाघसा चोळायला लागतो. चोळलं की डाग पसरतो, धाग्यात आणखी आत जातो आणि कापडाला लव सुटते ती वेगळीच. त्यामुळे चोळायचं नाही, टिपायचं. स्वच्छ पांढरं फडकं नाहीतर टिश्यू घ्या, दाबा, उचला, कोरडी बाजू घ्या, परत दाबा. मग कपडा उलटा करा आणि डागाच्या मागच्या बाजूने नळाचं गार पाणी सोडा. मागून का, तर कॉफी जिथून आत शिरली तिथूनच तिला बाहेर ढकलायचंय, पुढून पाणी मारलं तर ती कापडातून आरपार जाणार.

आता कॉफी कोणती होती हे आठवा, कारण सगळं त्यावर आहे. कोरी असेल तर रंगाचा डाग, टॅनिनसारखी (म्हणजे चहा-कॉफीला तुरटपणा देणारी) द्रव्यं आणि बिया भाजताना तयार झालेला तपकिरी रंग, आणि हे पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं. दुधाची असेल तर त्यात प्रोटीन आणि फॅट पण आलं, आणि दुधाचं प्रोटीन गरम पाण्याने धाग्यातच घट्ट बसतं, म्हणून मी गार पाण्याचा एवढा धोशा लावलाय. साखर असेल तर अजून एक, साखरेचा डाग वाळल्यावर दिसतच नाही, आपण म्हणतो गेला, आणि इस्त्री फिरवली की पिवळट होऊन वर येतो!

पाण्याने सगळं गेलं नाही तर लिक्विड डिटर्जंट लावा. साबणाची वडी नको हं, साबणाने टॅनिनचे डाग उलट घट्ट होऊ शकतात, आणि हे फार लोकांना माहीत नसतं. दुधाच्या कॉफीला एन्झाइमवालं डिटर्जंट मस्त काम करतं, ते प्रोटीन आणि फॅट तोडतं, फक्त त्याला वेळ द्या, पंधरा-वीस मिनिटं तरी तसंच राहू दे. तरीही तपकिरी छटा उरली तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून टिपत टिपत लावा आणि खळखळून धुवा.

टेबलावर वाळलेला कॉफीचा थेंब कधी नीट बघितलाय का? मध्ये फिकट आणि कडेला गडद रेघ. कडेचं पाणी आधी उडतं, ते भरून काढायला मधलं पाणी कडेकडे सरकतं आणि जाताना कॉफीचे बारीक कण सोबत नेतं. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत याचं कारण मांडलं होतं. मला हे फार आवडतं. कपड्यावरही थोडंफार असंच होतं, म्हणून डागाच्या जरा बाहेरून सुरुवात करून आत आत या, नाहीतर मधला भाग स्वच्छ आणि भोवती वर्तुळ, असं होऊन बसतं.

जुना वाळलेला डाग असेल तर ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेटची पावडर, पाण्यात घालून कपडा काही तास भिजवा. पाण्यात गेल्यावर त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं आणि तेच रंग उडवतं. याला मात्र कोमट पाणी बरं पडतं, पण दुधाचा भाग आधी गार पाण्याने आणि डिटर्जंटने काढून झाल्यावरच. रंगीत कपडा असेल तर आतल्या शिवणीवर थोडं लावून बघा. लोकर आणि रेशमाला हे ब्लीच नको आणि एन्झाइमवालं डिटर्जंटही नको, कारण ते धागेच प्रोटीनचे असतात, डागाबरोबर कापडही खराब होईल. तिथे गार पाणी, सौम्य लिक्विड, बास, आणि लेबलवर ड्राय क्लीन लिहिलंय तर सरळ टिपून धुलाईवाल्याकडे द्या आणि काय सांडलंय ते त्याला सांगा.

आणि एक कळकळीने सांगते, क्लोरीनवालं ब्लीच आणि व्हिनेगर कधीही, कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

धुऊन झाल्यावर लगेच ड्रायरमध्ये टाकू नका, इस्त्री तर नकोच. ओल्या कापडावर हलका डाग दिसत नाही, म्हणून हवेवर वाळू द्या आणि दिवसाच्या उजेडात नीट बघा. पिवळट सावली दिसली तर परत डिटर्जंट लावून भिजत घाला, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला निघणारे डाग पुष्कळ असतात.