कोरियातलं पितरांचं पान

नमस्कार श्रोतेहो.

दक्षिण कोरियात चुसोक नावाचा मोठा सण असतो. चांद्र आठव्या महिन्याची पौर्णिमा, म्हणजे बऱ्याच वर्षी आपला पितृपक्ष सुरू होतो त्याच सुमाराचा दिवस. त्या सकाळी पितरांपुढे पान मांडतात: नव्या तांदळाचे उकडलेले सोंगप्योन, फळं, मासे, पीठ-अंड्यात घोळवून तळलेले काप. पानापुढे वाकून नमस्कार करायचा पुरुषांनी. आणि आदल्या दिवशी जमिनीवर विजेचा तवा मांडून कंबर धरेपर्यंत काप तळायचे सुनांनी, तेही सासरच्या पितरांसाठी. माहेरी जायचं ते सगळं आवरल्यावर.

कोरियन कुटुंब किती बदललं, ते मला या पानापाशी सर्वांत स्पष्ट दिसतं.

पूर्वी कायद्यानं घराचा प्रमुख म्हणजे 'होजू' बहुधा पुरुषच असे. नवरा गेला की विधवेच्या आधी मान तिच्या मुलाचा, मग तो पाळण्यातला का असेना! बायकांनी वर्षानुवर्षं लढा दिला, तेव्हा कुठे 1 जानेवारी 2008 पासून ही पद्धत गेली. पितरांचे हे विधी ज्या कन्फ्यूशियन परंपरेतले, तिची मुख्य संस्था सोंगग्युनग्वान; तिनं 2022 मध्ये जाहीर केलं, की पानात तळण हवंच असं नाही. केवढ्या सुनांची कंबर सुटली असेल! पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की घरच्यांचं एकमत होत नसेल तर पितरांच्या विधीचा मान सर्वांत मोठ्या अपत्याचा, मुलगी असली तरी.

त्याच 2023 साली जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलांचा आकडा, 0.72 वर आला होता. घरांच्या किमती, शिकवण्यांचा खर्च, कामाचे तास ही कारणं आहेतच. पण आईला त्या तव्यापुढे बसलेली पाहून मोठी झालेली मुलगी लग्नाआधी दहादा विचार करणारच, असं मला वाटतं. आज तिथल्या तीनांतल्या एकाहून अधिक घरांत माणूस एकटाच राहतो.

एका बदलाचा मात्र मला मनापासून आनंद आहे. 1990 साली तिथं 100 मुलींमागे 116 मुलगे जन्मत. आता हा आकडा 105 च्या आसपास, म्हणजे निसर्गाच्या प्रमाणात आला आहे. आपल्या महाराष्ट्रात 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या 1000 मुलग्यांमागे 894 मुली होत्या. गर्भलिंगनिदानावर बंदी कोरियातही 1987 पासून होती. पण आकडा ताळ्यावर आला तो मुली शिकून कमावत्या झाल्या आणि म्हातारपणाची काठी मुलगाच, ही समजूत सैल झाली तेव्हा.