एकट्याला उचलता आली पाहिजे

(पत्र्याचं शेड. कडब्याच्या पेंढ्या, मागे गोठा. सकाळचं ऊन.)

ही गाडी मी पहिल्यांदा बघितली तेव्हा तिच्या सीटवर कोंबडी बसली होती. जुन्नरच्या पलीकडं एक मळा, गोठ्याला लागून हे शेड, त्यात पेंढ्यांच्या मागं ही उभी. पुढचं टायर पार बसलेलं, आरशाला कोळ्याचं जाळं. मालक म्हणाले, दादा, दोन पावसाळे झाले, कुणी हात लावला नाही, पोरगा नोकरीला बाहेर गेला, आता कोण चालवणार. मी हँडल धरलं, गाडी एका बाजूला चांगली झुकवली, आणि परत सरळ केली. बास, माझं तिथंच ठरलं. इंजिन फिरतंय का जाम झालंय हे नंतर बघितलं, आधी हे बघितलं की ही माझ्या एकट्याच्या हाताला झेपते का.

हिरो इम्पल्स, २०१३ चं मॉडेल.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हिरो आणि होंडा वेगळे झाले, आणि ऑगस्ट २०११ मध्ये लंडनला हिरो मोटोकॉर्पचा नवा लोगो दाखवला, त्याच कार्यक्रमात ही गाडी पण पहिल्यांदा लोकांसमोर आली. ब्राझीलमध्ये होंडाची एनएक्सआर १५० ब्रॉस म्हणून गाडी होती, तिकडच्या मातीच्या रस्त्यांवर चालणारी, तिचंच हे भावंड. १४९ सीसी एअर कूल्ड इंजिन, तेरा-एक हॉर्सपॉवर, पुढं १९ इंची चाक, मागं १७, दोन्ही आऱ्यांची, लांब शॉकअप, उंच मडगार्ड. अशा गाड्यांची कल्पना जुनीच आहे, यामाहाने १९६८ मध्ये डीटी-१ काढली होती, २५० सीसी टू स्ट्रोक, नंबरप्लेट लावून रस्त्यावर पण चालणार आणि डांबर संपलं तरी थांबणार नाही अशी. आपल्याकडं मात्र २०११ ला लोकांना कळलंच नाही की हिचं करायचं काय. हायवेला जोर नाही म्हणून नाकं मुरडली, गाडी फार खपली नाही, आणि पुढं बंद झाली. मग २०१९ ला हिरोचीच, अशाच धाटणीची एक्सपल्स २०० आली, तोवर वारं फिरलं होतं, आणि आता लोक जुन्या इम्पल्स शोधत गावोगाव फिरतायत. मी त्यातलाच एक.

का फिरतायत? वजन! १३४ किलो. रॉयल एनफिल्डची ४११ सीसीची हिमालयन १९० च्या वर जाते, आणि ती चांगली गाडी आहे, लांब पल्ल्याला तिच्यासारखी नाही, पण आपल्या सह्याद्रीत, पावसात, एकट्याने, बैलगाडीच्या वाटेवर, तिथं हा ५०-६० किलोचा फरक म्हणजे घरी पोचणं आणि न पोचणं एवढा असतो. रानात गाडी पडणार, चांगल्या चांगल्यांची पडते. प्रश्न एकच, पडल्यावर उचलणार कोण?

या गाडीवर पुढं जे काही केलं ते सगळं या एका प्रश्नाला धरून केलंय.

(टेम्पोतून गाडी उतरतेय. धायरीतली गल्ली, अर्धं उघडं शटर.)

सौदा ४२ हजारात झाला. पैसे द्यायच्या आधी चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी ताडून बघितला, कर्ज होतं ते फिटलंय का आणि फॉर्म ३५ वर बँकेची सही आहे का ते बघितलं, आणि गाडी नावावर करायच्या २९-३० नंबरच्या फॉर्मवर मालकांची सही तिथंच घेतली. कंटाळवाणं काम आहे पण हे करा, गाडी नंतर दुरुस्त होते, कागद नाही होत. आणि २०१३ ची म्हणजे २०२८ ला पंधरा वर्षं भरतील, तेव्हा फिटनेस करून पाच वर्षांसाठी रजिस्ट्रेशन वाढवून घ्यावं लागेल, हेही किमतीत धरायचं.

आमचे मिस्त्री काका, चाळीस वर्षं हेच काम करतायत, कॅमेऱ्यासमोर यायला नको म्हणाले, त्यामुळे तुम्हाला त्यांचे हात तेवढे दिसतील. मी उत्साहात मोबाईल काढून दाखवायला लागलो, काका असे लाईट लावू, असा रॅक करू. त्यांनी फोन माझ्या खिशात परत घातला. "लाईट-बिईट नंतर बघू रे. आधी हिला उभी राहू दे."

टाकीपासून सुरुवात केली. झाकण उघडलं की जुन्या पेट्रोलचा तो वास, रंगाच्या डब्यासारखा, नाकात चढतो. आत टॉर्च मारला तर सगळं तांबूस. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि अर्धी टाकी तशीच दोन पावसाळे उभी राहिली की पाणी तळाला बसतं आणि पत्रा खायला लागतं. काकांनी मूठभर बारीक नट आत टाकले, मी गरम पाण्यात अर्धा किलो लिंबूसत्व विरघळवून ओतलं, तोंडं बंद केली, आणि ती टाकी मांडीवर घेऊन हलवत बसलो. हा आवाज ऐका.

(टाकीत नट खळखळतात.)

एक रात्र तसंच ठेवलं. सकाळी ओतलं तर चहाच्या गाळासारखं काळपट तपकिरी पाणी आलं, आणि त्यातून पापुद्रे. मग खायच्या सोड्याच्या पाण्याने आंबटपणा मारला, साध्या पाण्याने धुतलं, आणि इथं घाई करायची, कारण उघडा पडलेला पत्रा अर्ध्या तासात परत तांबडा व्हायला लागतो. आईचा हेअर ड्रायर आणला, टाकी कोरडी ठणठणीत केली आणि लगेच पेट्रोलमध्ये थोडं ऑइल घालून आतून फिरवलं. नट मोजून टाकले होते, मोजूनच काढले. एक सापडेना, वीस मिनिटं त्याच्यात गेली.

कार्बुरेटर उघडला तर वाटीच्या तळाशी हिरवट चिकटा. गाडी ज्यावर निवांत चालू राहते त्या पायलट जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं असतं, ते बंद. त्यात लोखंडी तार घालायची नाही, भोक मोठं झालं की जेट गेलं, वायरीतला तांब्याचा एक धागा घ्यायचा, क्लीनर मारायचा, हवा मारायची, उजेडाकडं धरून बघायचं. रबरी रिंगा आणि पेट्रोलची नळी नवीनच टाकली, नाना पेठेत दोन फेऱ्या झाल्या त्याला. गाडी बंद झालेली असली तरी याच वर्गातल्या बाकीच्या दीडशे सीसी गाड्यांचं बरंच सामान जुळतं, फक्त जुना पार्ट हातात घेऊन जा, तोंडी नाव सांगून काही मिळत नाही.

गाडी चालू झाली. पहिल्यांदा थोडा निळा धूर आला आणि माझा जीव खाली-वर. पण गरम झाल्यावर थांबला. काका म्हणाले, हे व्हॉल्व्हचं सील आहे, थंडीत रात्रभर जरा ऑइल झिरपतं, रेस दिल्यावर धूर आला असता तर रिंगा गेल्या होत्या. दहा किलोमीटर चालवून प्लग काढला, फिकट तपकिरी, म्हणजे पेट्रोल नीट जळतंय. काळा काजळी धरलेला नाही, पांढराफटक पण नाही. तो प्लग मी कितीतरी वेळ हातात धरून बसलो होतो.

पुढच्या शॉकअपचं ऑइल काढलं ते काळं, आणि वास मेलेल्या माशासारखा. सील गळत होती, पण नुसती सील बदलून भागत नाही, पाइपवर नख फिरवून बघायचं, गंजाचे खड्डे नखाला लागले तर नवीन सील महिन्याभरात फाटणार. आमच्या एका पाइपला दोन बारीक खड्डे होते, हळूहळू पाण्याच्या पॉलिश पेपरने कड मारली, अजून तरी कोरडं आहे. हँडल मधोमध आलं की टक्क करून अडकत होतं, म्हणजे कोनसेट, हँडलचं बेअरिंग, गेलेला, तो बदलला. मागचं चाक ज्या दांड्यावर वर-खाली होतं त्या स्विंगआर्मचे बुश बदलले.

आणि आरे. यात मला सगळ्यात जास्त मजा आली. चाक फिरवायचं आणि पान्याने एकेका आऱ्याला हलकं वाजवायचं.

(टिंग. टिंग. टिंग. थड. टिंग.)

ऐकलं? तो थड वाजला तो सैल. मागच्या चाकात असे सात निघाले. सैल आरा स्वतः काही भार घेत नाही, शेजारचे दोन जास्त घेतात, मग ते तुटतात, आणि मग रिम वाकडी. काका आऱ्याच्या टोकाचा नट, म्हणजे निप्पल, पाव-पाव आटा फिरवतात आणि कान लावतात, मीटर वगैरे काही नाही. दीड तास लागला एका चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायला. पैसे घ्यायला तयार नव्हते त्याचे, जबरदस्ती द्यावे लागले.

वायरिंगबद्दल एकच सांगतो. आधी कुणीतरी हॉर्नच्या वायरीला टेप गुंडाळून लाईट जोडले होते आणि फ्यूजच्या जागी तांब्याची तार घातली होती. हे कुठंही दिसलं तर त्याच दिवशी काढून टाका. तारेने गाडी बंद पडत नाही, गाडी पेटते.

आता चेनचं. लांब शॉकअपच्या गाडीची चेन बरेच जण चुकीची ताणतात, म्हणून जरा थांबतो. मागचा शॉकअप दाबला गेला की चाक वर जातं आणि चेन आपोआप ताणते, पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), स्विंगआर्मचा पिन आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत आले की सगळ्यात जास्त. उभ्या गाडीवर तुम्ही टाइट केली, की खड्ड्यात ती तुटायला बघणार, नाहीतर गिअरबॉक्सच्या बेअरिंगला ओढणार. म्हणून दोघांना गाडीवर बसवायचं, तेव्हाही चेन बोटाने थोडी हलली पाहिजे. उभ्या गाडीवर ती सैल वाटते, लोक टोकतात, टोकू दे.

(रात्र. शटरच्या आत दिवा. कागदावर पेन्सिलने काढलेली गाडी.)

मग सजवायची वेळ आली. मी यादी केली होती, मोठा रॅक, पत्र्याच्या पेट्या, जाड क्रॅश गार्ड, चार लाईट. काकांनी प्रत्येक गोष्टीपुढं किलो लिहायला लावले. बेरीज २८ झाली. ती बेरीज बघून मीच यादी फाडली.

जे केलं ते एवढंच. इंजिनखाली ४ एमएमच्या अ‍ॅल्युमिनियमची प्लेट, जुन्या बाजारातून घेतलेली, घरीच वाकवून, ऑइल काढायच्या नटापुरतं भोक ठेवून. हँडगार्ड, कारण पडल्यावर सगळ्यात आधी क्लचची कांडी तुटते. दुमडणारा गिअर लिव्हर, दगड लागला की आत दुमडतो, शाफ्ट वाकत नाही. पुढचं स्प्रॉकेट एका दाताने लहान, ते मागचं साधारण तीन दात मोठं केल्यासारखं होतं, टॉप स्पीड कमी झाला, हायवेला इंजिन जास्त ओरडतं, पण पहिल्या गिअरला ही आता चालत्या माणसाच्या वेगाने चढ चढते आणि मला तेच पाहिजे होतं. उभं राहून चालवता यावं म्हणून हँडलखाली ते वर उचलणारे एक इंचाचे राइझर, आणि ते लावल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, केबल ताणून आपोआप रेस वाढत असेल तर वळणावर जीव जाईल. खडबडीत टायर, साइज मूळचीच, पुढं ९०/९०-१९, मागं ११०/९०-१७. ट्यूब आहे, त्यामुळं पाने, पॅच आणि पंप सीटखाली.

लोक विचारतात हिरोच्याच करिझ्माचं २२३ सीसी इंजिन का नाही टाकलं, बसतं ना यात. बसतं, आणि चालवलीये तशी एक, उडते. पण सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय की कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल केलेली गाडी चालणार नाही. उद्या अपघात झाला, समोरच्याला लागलं, तर इन्शुरन्सवाला पहिल्यांदा इंजिन नंबर बघणार. मला नको ते. साडी गार्ड काढायचा पण मोह झाला होता, तेवढंच वजन कमी, पण मोटार वाहन नियम १२३ मध्ये मागे बसणाऱ्यासाठी ते लागतंच, आणि दर गुरुवारी या गाडीवर मागे आई बसते. राहिलं ते तिथंच.

(जुलै. वेल्ह्याहून केळदकडे. तोरण्यावर ढग.)

एक मनापासून सांगायचंय. गाडी कुठंही जाते म्हणून कुठंही घालायची नाही. पावसाळ्यात पठारांवर बोटभर माती असते, तिच्यात वर्षातून काही आठवडे उगवणारी फुलं असतात, एक टायर फिरला की ती जागा काही वर्षं उघडी पडते. भाताच्या बांधावरून जायचं नाही, गडावर न्यायची नाही. वाट आहे तिथंच. वाटा काय कमी आहेत का आपल्याकडं?

केळदच्या अलीकडं डांबर सोडून मी बैलगाडीच्या वाटेला लागलो, टायरची हवा वीसवर आणली. लाल चिखल, मधे पाण्याचे पाट, आणि एका वळणावर पुढचं चाक चाकोरीत गेलं आणि गाडी डावीकडं आडवी. वेग काहीच नव्हता. इंजिन बंद केलं, पेट्रोलचा कॉक बंद केला. गिअर लिव्हर बघितला, दुमडलेला, सरळ झाला. गाडी गिअरमध्येच होती, म्हणजे उचलताना मागं सरकणार नाही. सीटला पाठ लावून खाली बसलो, एक हात हँडलला, एक मागच्या पकडीला, आणि पाठीने नाही, मांड्यांनी ढकलत ढकलत मागं चाललो. एकदा पाय घसरला. दुसऱ्यांदा आली.

समोरच्या खाचरात लावणी चालली होती, तिथून एक मामा इरलं सावरत पळत आले, येईपर्यंत मी स्टँडवर लावून हँडलचा चिखल पुसत होतो. त्यांनी गाडीकडं बघितलं, चिखलातल्या त्या आडव्या खुणेकडं बघितलं, मग आजूबाजूला बघितलं.

"पडली व्हती न्हवं?"

"हो मामा, पडली."

"मंग उचलली कुनी?"

"मीच."