बेसमेंटची खिडकी

ही खिडकी नीट बघा. बाहेरून अर्धी बर्फात बुडालेली. आतून स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचत नाही. रात्री वरच्या मजल्यावर आग लागली आणि जिना धुराने भरला, तर खाली झोपलेल्याला बाहेर पडायला एवढीच वाट. म्हणून कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताची बांधकाम नियमावली अशा खिडकीचं मापच ठरवून देते: उघडल्यावर मोकळी जागा किमान ०.३५ चौरस मीटर, आणि कुठूनही ३८ सेंटिमीटरपेक्षा अरुंद नको. थोडक्यात, माणसाचे खांदे बाहेर निघाले पाहिजेत.

हे ब्रॅम्प्टन, टोरांटोच्या शेजारचं शहर. २०२१च्या जनगणनेत इथले निम्म्याहून जास्त लोक दक्षिण आशियाई वंशाचे निघाले. वर मालक, खाली भाडेकरू, आणि बऱ्याचदा दोघांचं गाव एकाच देशातलं. मालक दहा-पंधरा वर्षांपूर्वी आलेला, भाडेकरू परवाच्या विमानातून उतरलेला विद्यार्थी.

जानेवारी २०२४मध्ये शहराने पाच वॉर्डांत प्रयोग म्हणून नियम आणला. चार किंवा त्याहून कमी जागा भाड्याने देणाऱ्या मालकाने परवाना काढायचा. फी ३०० डॉलर, शिवाय घराची तपासणी. महिना संपायच्या आत मालक रस्त्यावर उतरले आणि नगर परिषदेने योजना थांबवली. पुढे बदल करून ती पुन्हा सुरू झाली.

तीनशे डॉलरसाठी एवढं रान उठवायचं? पण मालकाची वही उघडून बघा. मार्च २०२२ ते जुलै २०२३ या सोळा महिन्यांत कॅनडाच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर पाव टक्क्यावरून पाच टक्क्यांवर नेला. ज्यांचं कर्ज बदलत्या दराचं, त्यांचं घर बेसमेंटच्या भाड्यावरच तरलेलं. त्यात भाडेकरूने भाडं थकवलं, तर घरभाड्याचे वाद सोडवणाऱ्या प्रांताच्या लवादापुढे तारीख मिळायलाच कित्येक महिने. प्रांताच्या लोकपालांनीही २०२३मध्ये या दिरंगाईवर कडक अहवाल दिला होता. आपल्या अर्जाला तारीख मिळत नाही आणि आपल्या घरात इन्स्पेक्टर मात्र लगेच, हे मालकाला झोंबलं.

त्यांचा आणखी एक मुद्दा आहे, आणि तो बिनतोड वाटतो. परवाना काढायला जाणार कोण? जो आधीच नियमाने चालतो तो. एका खोलीत सहा गाद्या टाकणारा अर्ज भरायला कशाला येईल?

वाटतो खरा. पण परवाना नसेल तर त्या सहा गाद्या दिसणार कशा? कुणीतरी तक्रार केल्यावरच. आणि तक्रार करायची कुणी? गादीवर झोपणाऱ्यानेच. बेसमेंट बेकायदा ठरलं तर आधी त्याचीच बॅग बाहेर, तीही जानेवारीच्या थंडीत. भाडेवाढीपासूनही त्याला संरक्षण नसू शकतं. २०२४साठी प्रांताने २.५ टक्क्यांची मर्यादा घातली होती, पण नोव्हेंबर २०१८च्या मध्यानंतर पहिल्यांदा वापरात आलेल्या बऱ्याचशा जागा त्यातून सुटतात. मग फीचे तीनशे डॉलर शेवटी कुणाच्या खिशातून जाणार, ते वेगळं सांगायला नको.

त्या निदर्शनांत फलक मालकांचे होते. खाली राहणाऱ्याने फलक धरायचा म्हणजे आधी स्वतःचा पत्ता सांगायचा.

आता पुन्हा त्या खिडकीकडे या. आतून थर्माकोलची शीट बसवलीय, चारी बाजूंनी चिकटपट्टी. थंडी येते म्हणून. भाडेकरूनेच लावलीय.