आजीचं माहेर धरून

ओहोटी लागलीय. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या या किनाऱ्यावर फ्रान्समधून आलेल्या अकेडियन शेतकऱ्यांनी बांध घालून समुद्राकडून जमीन मिळवली. बांधाखाली लाकडी पन्हळ, तिच्यात झडप. ओहोटीला गोडं पाणी बाहेर, भरती आली की झडप आपोआप बंद. कोकणात खारबांधाची उघाडी पाहिलेल्याला हे समजावून सांगायला नको.

5 सप्टेंबर 1755. इथल्याच ग्राँ-प्रे गावच्या चर्चमध्ये 418 अकेडियन पुरुष आणि मुलगे बोलावून घेतले. इंग्रजांचा अधिकारी जॉन विन्स्लो याने हुकूम ऐकवला: जमीन आणि गुरंढोरं जप्त, माणसं हद्दपार.

अकेडियन पूर्वजाचा माग काढताना तो याच गावचा असेल, तर आधी विन्स्लोचीच यादी बघावी लागते. तिच्यात कर्त्या पुरुषाचं नाव. पुढे मुलगे किती, मुली किती. आणि त्याच ओळीत बैल, गाई, मेंढ्या, डुकरं. ही ओळ वाचताना पोटात कालवतं.

मग जहाजं पांगली. इंग्रजांच्या अमेरिकेतल्या वसाहतींकडे: मॅसॅच्युसेट्स, मेरीलँड, पेनसिल्वेनिया. व्हर्जिनियाने तर माणसं ठेवूनच घेतली नाहीत, त्यांना इंग्लंडला धाडलं. तिथे कैदेत देवीच्या साथीने घरंच्या घरं रिकामी केली. जे उरले ते इंग्लंड-फ्रान्समधल्या 1763च्या तहानंतर फ्रान्सला पोचले, आणि 1765मध्ये त्यांतली 78 कुटुंबं तिथल्या ब्रिटनी प्रांताजवळच्या बेल-ईल बेटावर वसली.

शोध घेणाऱ्याला खरं घबाड मिळतं ते इथे. गावाकडच्या बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या वह्या हाताशी नव्हत्या. म्हणून 1767मध्ये कुटुंबप्रमुखांना शपथेवर बोलतं केलं. बाप कोण, आई कोणाची, आजा कुठून आला, कोणतं भावंड कुठे वारलं. बारा वर्षांच्या फरफटीनंतरही या माणसांनी पिढ्या तोंडपाठ सांगितल्या, थेट फ्रान्सहून आलेल्या मूळ पुरुषापर्यंत. अकेडियन नोंदींत बाईचं माहेरचं आडनाव लग्नानंतरही टिकतं. तेव्हा बापाकडून वाट खुंटली, तर आजीचं माहेर धरून मागे जा.

तसं जात राहिलं की 1671ची पोर्ट-रॉयल या अकेडियन वस्तीची जनगणना लागते. पाद्री घरोघर फिरून माणसं आणि गुरं मोजतोय. पिंपं करणाऱ्या पियेर लानूने त्याला निरोप धाडला: माझी तब्येत उत्तम आहे, वय सांगायचं नाही.